निळा की फुकट

२ नोव्हें., रविवार. भवानीनगर

तात्या साडेचारला आले, नेहमीसारखे, निरवांगीहून मोटरसायकलवर. बारा वर्षं झाली या रविवारांना. दोन तास गाणं, मधे एक चहा, बोलणं जवळपास नाहीच. माणूस उसाचा, पण बैठक अशी की पुण्याच्या जाणकारांनी शिकावी.

आज सीडी बंद. लेकीने, मृणालने, माझ्या रिटायरमेंटची भेट म्हणून पुण्याहून डबा पाठवलाय. तो कॉम्प्युटरला जोडायचा, डब्यातून आवाज अँप्लिफायरला. गाणीही तिनेच विकत घेऊन डाउनलोड करून दिली. हाय-रेझ. सीडीपेक्षा बारीक मोजलेली, चोवीस बिट, शहाण्णव हजार. डब्यावर आकडा दिसतो, आत काय येतंय त्याचा.

मुलतानी लावला. फाइल शहाण्णवची, डब्यावर अठ्ठेचाळीस! म्हणजे कॉम्प्युटरमधला प्लेयर मधल्या मधे पाणी घालतोय. दूध घरून निघतं तसं डेअरीत पोचत नाही, तसंच.

तात्या म्हणाले, "चांगलं वाजतंय की, सायेब." चांगलं वाजतंय हा काय पुरावा झाला?

४ नोव्हें., मंगळ.

बारामती. तात्यांचा पुतण्या प्रशांत, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याने दोन प्लेयर टाकून दिले. एक निळ्या चिन्हाचा, परदेशी, तीस दिवस चालवून बघा मग विकत घ्या असा. दुसरा फुकट. यापुढे नि. आणि फु.

प्रशांत म्हणतो, "काका, दोन्ही सारखंच वाजवतात. फुकटवालं ठेवा."

दुकानदार स्वतःहून फुकटचं घ्या म्हणतो? बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. एखादा शेतकरी आपण होऊन माझ्या उसात साखर कमी आहे म्हणाला असता, तर जेवढा संशय आला असता तेवढा आला.

५ नोव्हें.

नि. वर डब्याचा आकडा शहाण्णव. फु. वर अठ्ठेचाळीस. पकडला!

प्रशांतला फोन. हसला. "काका, सेटिंगमध्ये एक खूण करायची असते, डबा फक्त आपल्यासाठी धरून ठेव म्हणून." केली. फु. वरही शहाण्णव. मग आधीच का नाही केली रे बाबा?

आकडा सारखा झाला, पण आवाज? नि. वर तानपुऱ्याची जवारी, तारेमागची ती गुणगुण, उघडी, गाणाऱ्या बाईंचा श्वाससुद्धा कळतो. फु. वर घोंगडी पांघरून गातायत. तारखेनिशी लिहून ठेवतोय, पुढेमागे कोणी विचारलं तर.

९ नोव्हें., रविवार

तात्यांना दोन्ही ऐकवले. आधी नि., मग फु. मी डोळे मिटून होतो. उघडले तर तात्या बशीकडे बघत होते.

"काय तात्या?"

"मला तर दोनी सारखीच वाटत्यात." मग बशी सरकवत, "फुकटवालंच ऱ्हाऊ द्या की."

पुतण्याचेच शब्द, जसेच्या तसे! तोडीतला कोमल रिषभाचा चढउतार पकडणारा माणूस हा. याला फरक कळत नाही? इथे कुठेतरी पाणी मुरतंय. फु. मध्ये या काका-पुतण्यांचा काय जीव अडकलाय देव जाणे.

११ नोव्हें.

शेवटी बायकोला, शै. ला सांगितलं. भाजी निवडत होती. म्हणाली, "फुकटच्या गोष्टीत त्यांना काय मिळणार आहे हो?"

हाच तर प्रश्न आहे. ज्यात मिळताना दिसत नाही तिथेच जास्त मिळत असतं.

इंटरनेटवर वाचलं. अर्धे म्हणतात प्लेयर-प्लेयरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक, अर्धे म्हणतात काडीचा नाही. दोन्हीकडचे विक्रेतेच असणार.

कारखान्याचं गाळप सुरू झालंय. ट्रॅक्टरवाले ट्रॉल्या जोडून डेक ठणाणा लावून जातात. दोन ट्रॅक्टरांच्या मधे ऐकावं लागतं.

१६ नोव्हें., रविवार

वाईट झालं. किंवा बरंच झालं. लिहितो.

शेजारचे बोराटे आणि त्यांचे मेहुणे आले होते "नवं मशीन" बघायला. शै. पण बसली होती. तात्या आपल्या जागी. मी दोन्ही प्लेयर लावून दाखवले, कुठे कान द्यायचा तेही सांगितलं. बोराटे लगेच म्हणाले, व्हय व्हय, निळ्याची बातच न्यारी. मेहुण्यांनीही मान हलवली. मी तात्यांकडे वळलो.

"मला न्हाय बा कळत," तात्या म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "तात्या, तुमचे कान गेलेत. विहिरीवर इंजिनाशेजारी बसून बसून गेले. आता गाणं सोडा, घरी बसून टीव्ही बघा."

बोराटे आणि मेहुणे हसले. खदाखदा.

तात्यांनी कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. "व्हय, गेलं असत्याल," म्हणाले आणि उठले. द्रुत अजून सुरूच झाली नव्हती. बारा वर्षांत ते द्रुत सोडून उठलेले नाहीत.

शै. माझ्याशी जेवताना बोलली नाही. मी काय खोटं बोललो?

१८ नोव्हें.

तात्यांना दोनदा फोन. उचलला नाही. रागावले असतील, किंवा पितळ उघडं पडलं म्हणून तोंड लपवत असतील. हे दुसरंच खरं असणार.

नि. ची मुदत ३ डिसें. ला संपते. त्याआधी ठरवायचं.

२३ नोव्हें., रविवार

आले नाहीत.

शै. ने सवयीने तीन कप चहा टाकला. साडेचार, पावणेपाच. मोटरसायकलचा आवाज आला म्हणून उठलो, बोराट्यांचा जावई निघाला. यमन लावला, वीस मिनिटांत बंद केला. एकट्याने ऐकलेलं गाणं अंगाला लागत नाही. वाहवा करायची कुणाकडे बघून? तात्या वाहवा करायचे नाहीत, नुसती मांडीवर एक टिचकी. त्या टिचकीसाठी मी बारा वर्षं गाणी निवडली, हे आज कळतंय. छे. राग येतो स्वतःचा. त्यांचाही येतो.

२४ नोव्हें.

पुरावा पाहिजे. पुरावा हातात घेऊन निरवांगीला जायचं. बघा तात्या, दहात दहा वेळा ओळखलं, आता बोला.

लॅबमध्ये आमची पद्धत होती. रसाचा नमुना येताना बाटलीवर शेतकऱ्याचं नाव नसायचं, नुसता नंबर. कोणाचा ऊस ते तपासणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर भाऊबंदकी आकड्यात उतरते. तपासणी होऊन आकडा वहीत चढला की मगच चिठ्ठी उघडायची. तसंच करायचं. शै. प्लेयर लावेल, मी पाठ करून बसेन. तिने चिठ्ठीवर लिहायचं, मी वहीत. दहा वेळा. शेवटी चिठ्ठ्या उघडायच्या.

शै. म्हणाली, "मला नीट समजलं. बत्तीस वर्षं जेवताना हेच तर ऐकलंय."

२५ नोव्हें., मंगळ.

सकाळी अकरा. खिडक्या बंद, पंखा बंद, भिंतीकडे तोंड. प्रत्येक वेळी मुलतानीच्या आलापाची तीच दोन मिनिटं. मी लिहीत गेलो. पहिला नि., स्वच्छ. दुसरा फु., घोंगडी. तिसरा नि. चौथ्याला जरा अडखळलो, पण फु. च. असे दहा. नि. सहा, फु. चार. इतका खात्रीचा निकाल मी नोकरीतही कधी दिला नव्हता.

चिठ्ठ्या उघडल्या.

दहाच्या दहा फु.

मी म्हणालो, हे काय? चुकून एकच दाबत राहिलीस का?

"चुकून कशाला? तुम्हीच सांगायचात ना, की मोठे साहेब मुद्दाम एकाच बाटलीतला रस दोन नंबरांनी पाठवायचे. आकडा दोन्हीकडे तोच आला तर केमिस्ट खरा. म्हटलं तुमचंही बघू."

बत्तीस वर्षांत त्या परीक्षेत मी एकदाही नापास झालो नाही. आणि आज घरात, भिंतीकडे तोंड करून, एकाच गाण्याला सहा वेळा स्वच्छ म्हणालो आणि चार वेळा घोंगडी.

चिठ्ठ्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणालो, एखादा तरी निळा लावायचास.

"नाही लावत मी तो. त्यात किर्र वाजतं. डोकं उठतं माझं."

कसलं किर्र?

शै. माझ्याकडे बघत राहिली. "गाण्याच्या मागं. बारीक. सारखं. तुम्हाला येत नाही ऐकू?"

२६ नोव्हें.

विश्वास ठेवला नाही. मला खाली बघायला लावायला सांगत असेल. आज तिला भिंतीकडे बसवलं, प्लेयर मी लावले. गाणं नाहीच, नुसती शांतता वाजवली. नि., फु., मनाला येईल तसे, चार वेळा लागोपाठ नि. सुद्धा. किर्र असेल तेव्हा बोट वर करायचं.

दहापैकी दहा.

नि. चालू ठेवून स्पीकरला कान लावला. उजवा, मग डावा. काही नाही. शै. दारात उभी होती. म्हणाली, "आत्ता वाजतंय."

प्रशांतला फोन. "हां काका, तो डब्याचा आवाज. निळ्यात बफर, म्हणजे गाणं आधी भरून ठेवायची जागा, फार कमी ठेवलाय, वाढवा, जाईल. कुणाला ऐकू आलं?"

मी म्हणालो, मला.

२८ नोव्हें.

बफर वाढवला. शै. म्हणते गेलं. मला कसं कळणार?

म्हणजे निळा चोर नव्हता, फुकट चोर नव्हता, प्रशांत नव्हता. दोन्ही सारखेच वाजवतात हे पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता घरात संशय घ्यायला एकच जण उरला.

मिलच्या घरघरीत रोज दोन फेऱ्या, बत्तीस वर्षं. कानात बोळे घालायचे असतात हे मीच पोरांना शिकवायचो. मी घालत नव्हतो, यंत्राचा आवाज ऐकून दोष कळतो म्हणायचो. मृणालला कळवलेलं नाही. किती हौसेने पाठवलंय तिने सगळं. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

३० नोव्हें., रविवार

साडेचारची वाट न बघता सकाळीच निरवांगीला गेलो. तात्या गोठ्यासमोर बाजेवर. "या सायेब," म्हणाले, सरकले, जागा दिली. चहा आला. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो आणि सरळच सांगितलं. तात्या, चिठ्ठ्या, दहा, किर्र, सगळं. म्हणालो, कान तुमचे नाही गेले, माझे गेलेत.

तात्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ठावं हाय."

"कधीपासून?"

"तुमी निळं लावलं त्या रविवारी. किर्र वाजत हुतं, आन तुमी डोळं मिटून डोलत हुता."

"मग म्हणाला का नाहीत? फरक कळत नाही म्हणालात!"

"काय म्हनू? म्हनलं फुकटवालं ठेवा, म्हंजी झालं. सुखात हाय मानूस." मग माझ्याकडे न बघता, "झाकली मूठ ऱ्हाऊ द्यावी. चार मानसांत मी तुमची झाकली, सायेब. आन तुमी माझी नसल्याली उघडी केली."

चुकलो म्हणालो. त्यांनी ऐकलं. बरं म्हणाले नाहीत. गाय सोडायला उठले, मी पण उठलो.

गाडीपाशी विचारलं, "पुढच्या रविवारी येताय ना?"

तात्यांनी उलट विचारलं. "बोराटे असत्याल का?"

"नाही, नाही. आपण दोघंच."

"बलवा की त्यास्नी. मेव्हन्यालाबी."

परत येताना वाटेत अंथुर्ण्यापाशी दोनदा गाडी थांबवली. काही काम नव्हतं, नुसता उभा राहिलो.

३ डिसें., बुध.

नि. ची मुदत आज संपली. विकत घ्या अशी पाटी येते, मग बंद होतो. घेतला नाही, काढूनही टाकला नाही.

बारामतीला कानाच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ मिळालीय. शै. बरोबर येतेय. म्हणते, तुम्ही डॉक्टरवरही संशय घ्याल.

बोराटे संध्याकाळी फाटकाशी भेटले. "काय सायेब, तात्यांचं कान काय म्हनत्यात?" असं विचारून हसले. सांगायची हीच वेळ होती. समोर उभा होता माणूस. मी म्हणालो, रविवारी या, मेहुण्यांनाही आणा, गाणं आहे.

एवढंच म्हणालो. आणि त्यांच्याबरोबर थोडासा हसलोही.

रविवारला चार दिवस आहेत.