तुझी खिडकी कोरडी आहे

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार.

मी बरा आहे. खोकला कमी आहे, वहिनीला तसंच सांग. कामावर खाडा झालेला नाही.

मी राहतो त्या मोटरहोमची गळती शेवटी सापडली. काल पाऊस नव्हता, म्हणून शेजारच्या गाडीतल्या वेल्डरला छतावर चढवलं. तू छताला बसवलेल्या खिडकीभोवती त्याने दोन बादल्या पाणी ओतलं. मी आत गादी उभी करून वर बघत राहिलो. एक थेंब आला नाही.

"अजून ओतू, की आंघोळच घालू?" तो वरून ओरडला.

मग त्याने सोलर पॅनलच्या वायरीच्या भोकावर तांब्याभर पाणी सोडलं. लगेच खिडकीच्या कोपऱ्यातून धार लागली. पाणी छताच्या आतून सरकत तिथे येत होतं.

ते भोक तू परत गेल्यावर मी पाडलं होतं.

आणि गळती सुरू झाल्यावर फोनवर, वहिनी ऐकत असताना, "तुझा हात कामातून गेला," असं मी तुला म्हणालो. तेव्हापासून तू हत्यारांची पेटी उघडलेली नाहीस, असं ती लिहिते. तुझा दुखरा गुडघा कसा आहे?

दोन वर्षं मी तुझ्याच खिडकीच्या कडेला फटी बुजवायचं सीलंट थापत बसलो. छताच्या फळ्या आता बोटाने तुटतात. ही गाडी पुढचा पावसाळा काढणार नाही.

आज खिडकी उतरवली. तिच्या रबराखाली पत्रा कोरडा होता. घरी येताना ती घेऊन येतो. बसवायला आता छप्पर नाही, पण तुझ्या हातात द्यायची आहे.

तुझा धाकटा