प्रार्थनेचा विषय

प्रिय ताई,

भाऊजी घर सोडून गेले, हे तू फक्त मला सांगितलंस. "कोणाला बोलू नकोस हं," एवढंच म्हणालीस.

त्याच आठवड्यात चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत पाळकबाईंनी विचारलं, "कोणाचा काही विषय?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा." तिथेच थांबायला हवं होतं. देवाला तपशील लागत नाहीत. पण शेजारची कळवळली, "अगं बाई, काय झालं?" आणि सगळ्या खुर्च्या माझ्याकडे सरकल्या. मी सांगत गेले. भाऊजी जिच्यासाठी गेले ती बाई कोण, तेही सांगितलं. रडलेसुद्धा. खरं लिहायचं तर, ताई, मला बरं वाटत होतं. इतकं जीव लावून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर त्या बायकांनी तुझा हात धरला. "आम्ही प्रार्थना करतोय हं तुझ्यासाठी." तू माझ्याकडे पाहिलंस आणि चप्पल घालून निघून गेलीस. पुन्हा आली नाहीस.

काल मी सभेत उभी राहिले. म्हटलं, "मी इथे बसून ताईची चुगली केली. प्रार्थना नव्हती ती."

"छे गं, मायेपोटीच सांगितलंस तू," पाळकबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. जिच्याकडे क्षमा मागायची, ती सोडून सगळ्यांनी मला क्षमा केली.

तू घर बदललंस म्हणे. पत्ता मंडळीतल्या कोणालाच दिला नाहीस. पाकिटावर तुझं नाव लिहिल्यावर कळलं, त्यात मीही आले.

अजून म्हणता येत असेल तर तुझी,
धाकटी