पांढऱ्या कुत्र्याला कोण विंचरतं

आई, काल आमच्या शेजाऱ्यांनी पामेरियनचं पिल्लू आणलं आणि तू आठवलीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली, कुत्री तुला कधी आवडलीही नाहीत, तरी. बल्लारपूरला आपल्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ती म्हातारी काकू राहायची. नवरा मिलमधून रिटायर होऊन वारलेला, सोबतीला हा एवढासा पांढरा कुत्रा. क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा लेकाकडे नागपूरला जाते म्हणून तिनं तो आपल्याकडे दिला. तू त्याचे दात पाहिलेस, कान उलटे केलेस, केसांत बोटं घालून गोचीड शोधलेस. "एवढं चांगलं कुत्रं कोनी फुकटात काऊन देईन? कायतरी खोट असन."

खोट निघाली नाही. तो फक्त हट्टी होता. बोक्याएवढा जीव, पण दारावरून पोस्टमन गेला तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा, आणि रागावलं की पलंगाखाली पाठ करून बसायचा. आपली दूध-पोळी तो हुंगून सोडून द्यायचा, तरी वाळत नव्हता. उलट केसांवर चमक येत चालली. तू किंवा मी त्याला कधी कंगवा लावला नव्हता. पण दुपारभर कुठेतरी भटकून तो परत यायचा तेव्हा मानेवरचा झुबका मोकळा असायचा, एक गाठ नाही, आणि अंगाला खोबरेल तेलाचा वास. "याले कोनीतरी विंचरून राह्यलं," तू म्हणालीस. आधी संशय माझ्यावर, मग समोरच्या शिलाईवालीवर. "पटवून राह्यली कुत्र्याले. एक दिवस घेऊन जाईन, पाहजो."

मे महिना होता. भर दुपारी तो फाटकातून निसटला तशी तू डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्याच्या मागे निघालीस आणि मी तुझ्या मागे. स्टेशनामागच्या चाळीत तो थेट एका खोलीपाशी थांबतो. उंबऱ्यावर काकू बसली आहे. नागपूरला गेलेली काकू. आपण भिंतीच्या आडोशाला उभ्या. तो तिच्या मांडीवर उताणा पडलाय, ती वाटीतला दूधभात बोटानं भरवते आहे. मग जरा मोठ्यानंच म्हणते, "जाय आता घरी. लेकानं मलेच नाई नेलं, तं तुले कुठी ठेवू? इथी मालक कुत्रं ठेवू देत नाई. ते बाई चांगली आहे, तिले लळा लाव."

तू तशीच परत फिरलीस. घरी येऊन माठातलं पाणी प्यायलीस. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला काखेत घेऊन तू तिच्या दारात उभी.

"काकू, कोनी सांगतलं तुमी इथी राह्यता म्हनून. हे कुत्रं आमच्यानं सांभाळनं होत नाई. उन्हात नुसतं धापा टाकते. याचे केस कापून टाकू का?"

"कापू नको ओ बाई! त्या केसानंच ऊन अडते त्याचं. खाली गोनपाट ओलं करून टाकत जाय, अन् गाठी तेवढ्या सोडवाव्या लागते."

"मले नाई जमत. तुमीच येत जा दुपारच्या."

नागपूरचं तू विचारलं नाहीस, तिनंही सांगितलं नाही. ती येऊ लागली. कूलरपुढे ओल्या गोणपाटावर तो, शेजारी कंगवा घेऊन ती. आधी चहा, मग जेवण, आणि पाय थकल्यावर आपल्या मागच्या खोलीत तिची खाट. कुत्र्यानं म्हातारा होऊन तिच्याच खाटेखाली जीव सोडला. जगावर संशय घेणारी तू, पाव्हण्यांना अभिमानानं सांगायचीस, "मी मागं गेलो म्हनून समजलं, नाई तं बाई उपाशी मेली असती."

तिच्या शेवटच्या आजारात एका दुपारी मी तिच्या उशाशी होते. डोळे मिटूनच ती म्हणाली, "त्या दिवशी भिंतीमागं तुही माय होती ना? मले तिच्या चपला दिसल्या होत्या."

म्हणजे उंबऱ्यावरचं तिचं ते बोलणं कुत्र्यासाठी होतं की तुझ्यासाठी, मी विचारलं नाही. अजूनही मला ठरवता येत नाही. तुला मी हे कधीच सांगितलं नाही. आयुष्यात एकाच माणसावर, त्या काकूवर, तू डोळे झाकून विश्वास ठेवला होतास. आता हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहू शकले.