काष्ट्याची उंची

६ जाने.
नाटकात भूमिका मिळाली. किल्लेदाराची बायको. हावरटासारखी हो म्हणून बसले आणि घरी येताना लुगड्याची आठवण झाली. नऊवारी म्हणजे पोटऱ्या उघड्या. पोलिओनं वाळलेला माझा डावा पाय यवतमाळात घराबाहेर कोणी पाहिलेला नाही. सलवार, पायघोळ साडी, झालं. लंगडते हे सगळ्यांना ठाऊक. पण पाहणं वेगळं.

९ जाने.
तालीम लुगड्यातच, दिग्दर्शक सरांचा हुकूम. यूट्यूब बघून नेसले. काष्टा मुद्दाम सैल, घोट्यापर्यंत. पिनाच पिना. सर म्हणाले, "किल्ल्यावरची बाई आहात, नव्या नवरीसारखं काय चालता?" घामानं पोलकं भिजलं.

१३ जाने.
पडले. किल्ल्याचा दरवाजा लावायला पायऱ्या पळत चढायच्या, तिथेच काठ पायात आला. मशाल (खोटी, नशीब) एकीकडे, मी एकीकडे. लागलं का बघायला कोणीतरी काठ वर करू लागलं. मी ओरडलेच. सर नरमाईनं म्हणाले, हवं तर ही भूमिका आपल्यातल्या सुगंधाला देऊ, तुम्हाला बैठी बघतो. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्येही मला बैठीच द्यायचे.

१४ जाने.
संक्रांत. सासूबाईंना सांगितलं. त्या आजही लुगडंच नेसतात. तिळाचं ताट बाजूला सारून मला उभं केलं.
"घोट्यापर्यंत कोण नेसते वं? पायात येईनच. वर घे."
"आई, पाय दिसते."
"मंग? मले नवीन हाय का? बाळंतपणात तेल कोणं लावलं तुले?"
एकही पिन नाही. खसकन ओढून मागे खोचलं, गुडघ्याखाली. अंगणात चालले. काठ आड येईना. चक्क पळाले. तेवढ्यात फाटकापाशी भाजीवाला थांबला, आणि मी धूम आत.

२१ जाने.
तालमीला पुन्हा खालीच नेसले. भीती वाटते, दुसरं काय. पायऱ्यांवर अडखळले. सर म्हणाले, "उद्या प्रयोग. जमत नसेल तर आत्ता सांगा." जमेल म्हटलं. का म्हटलं देव जाणे.

२२ जाने.
रंगपटात. अंबाडा, नथ झालं. लुगडं आईंनीच नेसवलं, गुडघ्याखाली. जाताना म्हणाल्या, "हात नको लावू आता." पहिल्या रांगेत बसल्यात, मागे मी शिकवते त्या शाळेतल्या सगळ्या बाया. काठ खाली ओढायला दोन बोटं पुरतात. मघापासून हात तिथेच जातोय. दुसरी घंटा झाली. आरशात पाहिलं, काठ अजून गुडघ्याखालीच. पाय कापतोय. डावा नाही, चांगला.