चिंचेनं घासलेला दगड

अप्पा, तुमच्या दगडांनी माझा जीव मेटाकुटीला आणलाय. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी सिडकोतल्या माझ्या फ्लॅटमधला एक अख्खा पलंग त्यांच्या खोक्यांनी अडवलाय. पाहुणा आला की जमिनीवर झोपतो. पुसायचं नाही, हलवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. एवढं कौतुक तुम्ही आम्हा मायलेकींचं कधी केलं नाहीत. कन्नड तालुक्यात कुठं विहिरीला सुरुंग लागला की तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं काम सोडून, रजा टाकून एसटीनं निघायचात, आणि तिथले पांढरे स्फटिक कापसात गुंडाळून परदेशातल्या तुमच्यासारख्याच वेड्यांना पाठवायचात. बदल्यात त्यांच्याकडच्या खाणींतले रंगीत दगड यायचे. शिशाच्या खाणीतला पिवळा वुल्फेनाइट, पापडासारखा पातळ. तांब्याच्या खाणीतला निळा ॲझुराइट. आई पार्सल बघून म्हणायची, "धोंडे देऊन धोंडेच आणले व्हय?"

त्यातला एक तुमचा लाडका. निळ्यावर हिरव्या मखमलीसारखा मॅलाकाइट चढलेला. तांब्याला जमिनीत हवापाणी लागलं की हा रंग येतो, असं तुम्हीच मला समजावलं होतं. घोटाळा तिथंच झाला. आपल्या घरात तांब्यावर हिरवं चढलं की ते विष, आणि त्यावर उतारा एकच, चिंच. दिवाळीच्या आधी औरंगपुऱ्यातल्या घराच्या अंगणात आई बंब, घागरी, तांबे घेऊन बसली होती. मी अकरा वर्षांची, लई कामसू. तुम्ही खूश व्हाल म्हणून तो दगड आणला आणि चिंच-मीठ लावून नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासला. बारीक बुडबुडे आले. मला वाटलं, घाण निघतेय. मग मखमल गेली, निळ्याची चमक गेली, आणि हातात मळकट ढेकूळ राहिलं.

तुम्ही सायकल लावून आत येता. दगड बघता. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणते, "म्या घासला. तांब्याचंय म्हणून वाटलं." तुम्ही दगड उचलून आत नेता. बोलायचं ते बोलून मोकळं व्हायचं ना, अप्पा. पण तुम्ही महिनाभर आईशी अबोला धरलात. "तुझ्या आईला सांग, चहा नको." ती हातभर अंतरावर उभी, आणि मधे निरोप्या मी. लक्ष्मीपूजनालाही तेच.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या मॅडम आल्या. संग्रहालयाला सगळे दगड हवेत, पण कुठला दगड कुठल्या खाणीतला, याची चिठ्ठी प्रत्येकासोबत पाहिजे म्हणाल्या. चिठ्ठीशिवाय दगडाला अर्थ नाही, हे तुमचंच वाक्य त्यांनी मला ऐकवलं. मग मी एकेक खोकं उपसायला बसले. त्या ढेकळाखाली, कापसाच्या तळाशी, तुमच्या अक्षरात खाणीचं नाव निघालं, आणि त्याखाली: 'पोरीने चिंचेने घासला. हिने आपल्यावर घेतले.'

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. माझी बोटं चिंचेनं माखलेली, दिसलीच असणार. मग अबोला कशाचा? ती खोटं बोलली म्हणून? की मला सोडायचं तर कुणावर तरी रागवायला पाहिजे होतं? धड मला रागावला नाहीत, धड तिला मोकळं केलं नाहीत. दगडाखाली नीट लिहून ठेवलंत, तिला मात्र कधी सांगितलं नाहीत, आणि ती तशीच गेली. मला तुमचा एवढा राग आलाय की तुम्ही समोर असता तर मीही महिनाभर बोलले नसते. आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात मलाही एक वाक्य बोलता आलं असतं. मी चकल्या खात गप्प बसले.

हे पत्र कुठं पाठवणार, त्याच खोक्यात ठेवून द्यावं असं ठरवलं होतं. पण खोकी काल मॅडम घेऊन गेल्या. ती चिठ्ठी तेवढी मी दिली नाही, माझ्या पर्समध्ये आहे. त्यांनी यादी करताना विचारलं, "याची चिठ्ठी कुठंय?"

मी म्हणाले, "आईनं साफसफाईत टाकून दिली असणार."