दादाच्या वेळेला

३ फेब्रुवारी

पाय मेला. आधी मुंग्या, मग ठार! प्रार्थनेला गप्प बसलं की शरीर एवढी बडबड करतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आजही दादाच्या वेळेला बसले. उजाडताना त्यांच्या ख्रिस्ती मठात पहिली मौनप्रार्थना असते — तिथे कायमचा राहायला जाताना त्यानेच सांगितलं होतं. तो तिथे, मी इथे, खिडकीकडे तोंड करून खुर्चीत. तिथे बोलणं नाही, फोन नाही, पत्र क्वचित. मग उरतं काय? एकाच वेळी गप्प बसणं. भावाबहिणीच्या गप्पा म्हणे!

देवासाठी बसते का? कागदाशी कशाला खोटं बोलू. नाही.

७ फेब्रुवारी

आमच्या भागातल्या चॅपलच्या बाजूच्या खोलीत चष्मेवाल्या सिस्टर दर शनिवारी मौनप्रार्थना शिकवतात. सगळे गोल बसतात, खोकला आला तरी चोरून खोकतात. "एक शब्द घ्या. मन भटकलं की त्या शब्दाकडे परत या. मनाशी भांडायचं नाही."

मी शब्द घेतला 'निःशब्द'. सिस्टर हसल्या. "बाळा, तू लिहितेस वाटतं? साधा घे गं. देवाला हाक मारायचीय, पुस्तकाचं नाव नाही शोधायचं."

झाली शोभा! 'प्रभू' घेतला.

१० फेब्रुवारी

प्रभू. मिक्सरचं माहितीपत्रक. प्रभू. दादा. दादा. दादा.

१२ फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर मिक्सरच्या माहितीपत्रकातलं एकच वाक्य घासलं — 'झाकण घट्ट बसल्याशिवाय बटण दाबू नये.' साहेबांना त्यात 'आपुलकी' हवी होती. झाकणात आपुलकी!

समोरच्या टेबलाशी बसून माहितीपत्रकांची चित्रं काढणारी आमची चित्रवाली माझ्या जांभया मोजत होती. "काय गं, भल्या सकाळी डोळे मिटून बसतेस म्हणे. दिसला का देव?"

"रांगेत आहे."

"तुझा नंबर लागला की माझ्या पगाराचंही बोल हं!"

घरी आई. दार न वाजवताच आत. "एक गेला तेवढा पुरे नाही झाला? आता तू डोळे मिटायला लागलीस!"

"आई, मी कुठेही जात नाहीये."

"तोही हेच म्हणायचा."

दादाच्या पलंगावरची चादर ती अजून बदलते. कुणी झोपत नाही, तरी बदलते.

२४ फेब्रुवारी

आज — कसं लिहू!

शब्द सुटला. विचार सुटले. अगदी थोडा वेळ. आणि डाव्या हाताला कुणीतरी बसलंय. स्पर्श नाही, आवाज नाही, काही नाही. फक्त मी एकटी नाही, एवढं पक्कं.

दादा! लहानपणी मला ताप आला की तो असाच उशाशी बसायचा. विचारपूस नाही, लाड नाही. नुसता बसायचा.

डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर गेला असता.

ऑफिसात दिवसभर वेड्यासारखी हसत होते. चित्रवाली म्हणाली, "लग्न ठरलं का?"

२५ फेब्रुवारी

नाही.

२७ फेब्रुवारी

नाही. कंबर धरली. ये ना रे.

२८ फेब्रुवारी

सिस्टरना सांगितलंच. वाटलं, कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "छान. आता सोडून दे ते."

सोडून? एवढं एकच तर हाती लागलंय!

८ मार्च

मठात भेटीचा दिवस. आई, मी, एक लांबलचक टेबल, आणि टेबलापलीकडे दादा. बारीक झालाय. हाताला भेगा. आईचं लक्ष तिथेच.

"हे काय रे हाताचं?"

"साबण. धुलाईखोलीत आहे ना मी. पाहुण्यांच्या चादरी."

"तू? घरी कधी स्वतःचा रुमाल धुतला नाहीस!"

"म्हणूनच तिथे पाठवलं असेल."

आई हसता हसता रडली. मग ती तोंड धुवायला गेली आणि मी विचारून टाकलं. "सकाळी प्रार्थनेला बसतोस तेव्हा माझी आठवण येते?"

"सकाळी? सकाळी मी धुलाईत असतो गं. इथे आलो त्या आठवड्यापासूनच. त्या यंत्राच्या धडधडीत घंटासुद्धा ऐकू येत नाही."

"मग बसतोस कधी?"

"दुपारी. म्हणजे बसतो कमी, पेंगतो जास्त. कुणाला सांगू नकोस."

तो हसला. मीही हसले. काय करणार!

परतीच्या बसमध्ये आई त्याच्या हातांबद्दल बोलत राहिली. मी हूं हूं करत होते. म्हणजे मी डोळे मिटून त्याच्याजवळ जात होते, तेव्हा तो चादरी पिळत होता. त्याला पत्ताही नव्हता.

११ मार्च

बसले नाही. खुर्चीवर कपडे टाकून ठेवलेत.

१४ मार्च

सिस्टरना सगळं सांगितलं. चादरींसकट. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला राग आला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता कोणासाठी बसशील?"

"कोणासाठीच नाही."

"मग बस."

१७ मार्च

बसले. दादा आत्ता यंत्रापाशी उभा आहे, हे नीट माहीत असताना बसले.

डाव्या हाताला पुन्हा कुणीतरी. तितकंच जवळ.

म्हणजे त्या दिवशीही तो दादा नव्हता. मग कोण?

भीती वाटली. उठले मात्र नाही.