कुंकवाचा पुरावा

३ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी १६ तारखेला ह्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्यात दाखवायची फिल्म मी स्वतः एडिट करणार. हँडीकॅमच्या चौदा छोट्या डीव्हीडी कपाटात पडून आहेत. अभिनव पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, बाहेर दे ना कोणाला तरी, दोन दिवसांत करून देतात. म्हटलं, बत्तीस वर्षं ऑफिसात साहेबांचं इंग्रजी कापून सरळ केलंय, मला कापाकापी शिकवू नकोस.
खरं कारण त्याला सांगितलं नाही. गिरिजा येणार आहे. ह्यांची धाकटी बहीण. राहते भाईंदर पश्चिमेला, म्हणजे पूल ओलांडला की घर, पण पंधरा वर्षं या दारात पाऊल नाही. का, तर २०१०ला आमच्या वास्तुशांतीत मी सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि तिला तेवढं वगळलं, कारण वर्षभर आधी तिचे महिपतराव गेले होते. असं ती सगळ्यांना सांगते. मी! नन्सच्या हाताखाली शिकलेली! मी असलं मानते? लावलं होतं. ह्यांनी सगळं शूट केलंय. आता होऊ दे निवाडा सर्वांदेखत.

४ नोव्हेंबर
लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नाही. काय डिझाइन! स्टेशनजवळच्या दुकानातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. दुकानदार म्हणाला, आंटी, अब डीवीडी कौन देखता है? म्हटलं, जिसको सच देखना है, वो.

६ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर फुकट मिळालं. सूचनांत व्याकरणाच्या नऊ चुका. कंपनीला मेल केला. त्यात सकाळ गेली. दुपारी अभिनवच्या लग्नातून अभिनवच कापला गेला. त्याला फोन. म्हणाला, अनडू कर. आधी सांगायला काय झालं होतं?
हे दिवसभर हॉलमध्ये बसून असतात. ह्यांना पत्ता लागू नये म्हणून आवाज पूर्ण बंद ठेवून काम करते. चित्र महत्त्वाचं. आवाजात असतंय काय, बायकांचा कलकलाट.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११
वास्तुशांतीची डिस्क लागली. मी तबक घेऊन फिरतेय. पाच जणींना लावलं. मग गिरिजा. तिने मान जराशी पुढे केलीय. मग एकदम पुढची बाई. डिस्क इथे खराब असावी.

दुपारी ४
डिस्क पुसून पुन्हा पाहिली. डिस्क चांगली आहे. माझा हात थांबलाय. पदर सावरत असेन. नाहीतर गुरुजींनी हाक मारली असेल. पण तिने तरी मान इतक्या लगेच मागे का घ्यावी? माणसाने थोडं थांबावं!

१० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. मला लावायचंच होतं. म्हणजे मनाने लावलेलंच होतं. फिल्मने सत्य दाखवावं, नुसतं घडलेलं नाही.
अभिनवच्या साखरपुड्याची डिस्क सापडली, २००८ची. तिच्यात मी गिरिजाला चांगलं ठसठशीत कुंकू लावतेय. चार सेकंद. ते काढून वास्तुशांतीत बसवायचे. यात लबाडी काही नाही. दोन्हीकडे कपाळ तिचंच, हात माझाच.

११ नोव्हेंबर
वास्तुशांतीत राखाडी साडी, साखरपुड्यात पोपटी. नातेवाईक बायका हे सोडणार नाहीत. सगळी फिल्म ब्लॅक अँड व्हाइट केली. एकदम आर्टिस्टिक. पण मंगळसूत्र दिसतंय. झूम केलं. आता फक्त कपाळ आणि बोट. खुद्द गिरिजालाही शंका येणार नाही.

१३ नोव्हेंबर
फिल्म बाहेर काढताना ९४ टक्क्यांवर अडकते. दोनदा. ह्यांनी दाराबाहेरून विचारलं, अगं, चाललंय काय आत? म्हटलं, सोसायटीला पत्र टाइप करतेय. म्हणाले, तीन दिवस? म्हटलं, कडक पत्र आहे.

१५ नोव्हेंबर
शंभर टक्के! पेनड्राइव्हवर घेतली. टीव्हीवर लावून पाहता आली नाही, हे हॉलमधून हलत नाहीत. गरजही नाही. एकेक सेकंद मला पाठ आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री ११
गिरिजा आली. दाराजवळच्या खुर्चीत बसली, केव्हाही उठून जाता येईल अशी. फिल्म सुरू झाली. वास्तुशांत आली. मी टीव्हीकडे नाही, तिच्याकडे पाहत होते. कपाळ. बोट. कुंकू. आणि टीव्हीतून मोठ्याने महिपतराव म्हणाले, वहिनी, बायकोला कुंकू आणि आम्ही कोरडेच? पेढा तरी द्या!
हे म्हणाले, अगं, वास्तुशांतीला महिपत कुठला? तो तर आधीच...
मी टीव्ही बंद करायला उठले. गिरिजा म्हणाली, वहिनी, मागे घे.
पंधरा वर्षांनी पहिला शब्द. घेतलं मागे. पेढा तरी द्या. पुन्हा मागे घे, म्हणाली. असं सहा वेळा. ज्या कपाळासाठी मी पंधरा दिवस डोळे फोडले, त्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून नुसती ऐकत होती. चौथ्या वेळी हसली.
जेवणं झाल्यावर तिने तेवढाच तुकडा मागितला. दुसऱ्या पेनड्राइव्हवर करून दिला, म्हणजे द्यायला घेऊन गेले. निघणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावत होतेच. गिरिजा शेवटची. चपला घालून वळली. या वेळी मान पुढे केली नाही, नुसती बघत राहिली.
माझा हात थांबला. एक सेकंद. फार तर दोन.
तिने स्वतःच कुंकवात बोट बुडवलं, कपाळाला लावलं, माझ्या हातातून पेनड्राइव्ह घेतला आणि येते म्हणून जिना उतरली.
माझा नाइलाज होता. एका हातात तबक, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. लावणार कशाने?
पेनड्राइव्ह तबकात ठेवता आला असता.